जुनी गाडी: आधी जागा ठरवा, मग गाडी (खान्देशातल्या खरेदीदारांसाठी)

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे जुनी गाडी घेणारे बरेच जण एकाच क्रमाने फसतात. आधी मोबाइलवर किंवा हायवेच्या कडेला लाइनीत उभी असलेली गाडी आवडते. मग ‘दुसरं गिऱ्हाईक येतंय’ म्हटल्यावर पाच-दहा हजारांचं टोकन जातं. त्यानंतर ओळखीचा मिस्तरी नेला जातो, आणि कागद बघायची वेळ येते सगळ्यात शेवटी. एकदा टोकन गेलं आणि घरात पोरांना फोटो दाखवून झाला, की मिस्तरीने काहीही सांगितलं तरी माणूस मागे फिरत नाही.

बैलबाजारात दात मोजल्याशिवाय आणि चालवून पाहिल्याशिवाय जोडी न घेणारी माणसंही गाडीच्या बाबतीत नुसत्या चकाकीवर भुलतात. म्हणून हा लेख क्रमाबद्दल आहे. गाडी कोणती घ्यायची यापेक्षा ती कुणाकडून घ्यायची, हे आधी ठरवा. विकणाऱ्याकडून दोन गोष्टी हव्यात: गाडी आतापर्यंत कुणी आणि कशी वापरली हे त्याला दाखवता आलं पाहिजे, आणि सहा महिन्यांनी काही अडलं तर तो सापडला पाहिजे. ज्या ठिकाणी यातलं एकही जमत नाही, तिथे गाडी कितीही स्वस्त असली तरी बघायला जाऊ नका.

## १. घराबाहेर पडण्याआधीचा हिशेब

गाडीची किंमत आणि तुमचं बजेट एकच धरू नका. हातात चार लाख असतील तर साडेतीन लाखांपर्यंतचीच गाडी बघा. उरलेले पन्नास हजार टायर, बॅटरी, विमा, नावावर करण्याचा खर्च आणि पहिल्या सर्व्हिसिंगमध्ये जातात. गाडी चांगली निघाली तरी जातात.

वापर लिहून काढा. महिन्याला चार-पाचशे किलोमीटर, म्हणजे बाजार, दवाखाना, लग्नकार्य एवढंच असेल तर जुनी डिझेल गाडी घेऊ नका. डिझेलचं इंजेक्टर-टर्बोचं एक काम निघालं की वर्षभराची इंधनाची बचत धुऊन निघते. रोज शेतावर, काळ्या मातीच्या रस्त्याने जायचं असेल तर जमिनीपासूनची उंची आधी बघा, सनरूफ नंतर. आणि धडगाव, अक्कलकुवा, तळोदा या बाजूला राहत असाल तर ज्या कंपनीचे सुटे भाग शहाद्याला किंवा नंदुरबारला मिळतात, तीच गाडी घ्या. एका सेन्सरसाठी गाडी पंधरा दिवस गॅरेजात उभी राहणं परवडत नाही.

सावध: आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधीचे दिवस, दिवाळी आणि कापसाचा पैसा हातात आल्यावरचे आठवडे या काळात भाव करायला जागा कमी राहते. मुहूर्त गाठायचाच असेल तर शोध दोन महिने आधी सुरू करा, मुहूर्ताला फक्त गाडी घरी आणा.

## २. कुठून घ्यायची

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. खाली जागा मी माझ्या पसंतीच्या क्रमाने मांडल्या आहेत.

ओळखीतला थेट मालक. शिक्षक, बँकेतला कर्मचारी, नोकरीतून निवृत्त होणारा गृहस्थ, ज्याने नवी घेतली म्हणून जुनी काढतोय, असा माणूस. आपल्याकडे चार फोन केले की गाडी कुठल्या गॅरेजला जाते, कधी ठोकली होती, कुणी चालवायला नेत होतं, सगळं कळतं. हा फायदा कुठल्याच शोरूमला नाही. म्हणून जाहिराती बघण्याआधी गावातल्या दोन भरवशाच्या गॅरेजवाल्यांना सांगून ठेवा: ‘तुमच्याकडे सर्व्हिसिंगला येणारी एखादी विकायला निघाली तर कळवा.’ त्यांना त्याचं कमिशन द्या, खुशीने द्या. अडचण एकच, नात्यात भाव करायला आणि दोष काढायला जीभ रेटत नाही. ‘काकांची गाडी आहे, कागद काय बघायचे?’ असं म्हणून घेतलेल्या गाडीवर बोजा (कर्जाची नोंद) निघाला की नातं आणि पैसा दोन्ही जातात. ओळख गाडी शोधण्यापुरती वापरा, तपासणी परक्यासारखीच करा.

कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याचं जुन्या गाड्यांचं दालन. मारुतीचं ट्रू व्हॅल्यू, ह्युंदाईचं एच प्रॉमिस वगैरे. बाजारापेक्षा किंमत जास्त असते आणि घासाघीस कमी होते, पण सर्व्हिसची नोंद मिळते, बिल मिळतं, नावावर करण्याचं काम तेच करतात. पहिल्यांदाच गाडी घेणाऱ्याने, आणि घरात गाडीतलं कळणारं कुणी नसेल त्याने, हा जादा पैसा द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. फक्त एक गोष्ट विचारा: त्याच दालनात उभी असलेली प्रत्येक गाडी ‘प्रमाणित’ असतेच असं नाही. वॉरंटी या गाडीवर आहे का, किती महिने किंवा किती किलोमीटर, आणि इंजिन-गिअरबॉक्सखेरीज तिच्यात काय येतं, हे लेखी घ्या.

स्थानिक कार बाजार. इथे चांगली माणसंही आहेत आणि बाकीचीही. ओळखायला एक सरळ प्रश्न पुरतो. केंद्रीय मोटार वाहन नियमांत झालेल्या बदलानुसार १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं (फॉर्म २९बी), आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिल्याची ऑनलाइन नोंद करावी लागते (फॉर्म २९सी). ती नोंद झाली की विक्रेता त्या गाडीचा मानीव मालक ठरतो, म्हणजे जबाबदारी त्याच्यावर येते. तेव्हा सरळ विचारा: ‘तुमचं अधिकारपत्र दाखवा, आणि या गाडीचा २९सी झालाय का?’ विचारल्यावर ज्याला हा प्रकारच ठाऊक नसेल, किंवा जो ‘भाऊ, गाडी एकदम मख्खन शे, कागदंनं काय लई बसनात’ (कागदांचं काय घेऊन बसलात) असं म्हणत विषय बदलेल, तिथून निघा.

अशा ठिकाणी हमखास आढळणारी चूक म्हणजे मूळ मालकाच्या कोऱ्या सह्यांचे फॉर्म २९ आणि ३० (मालकी बदलाचे अर्ज). गाडी त्या सह्यांवर तीन हात फिरलेली असते, कागदावर मात्र पहिलाच मालक असतो. ‘सिंगल हँड’ म्हणतात ती गाडी पुष्कळदा अशी निघते. आणि मूळ मालक मरण पावला असेल तर त्या सह्यांना काही अर्थ उरत नाही. आधी वारसांनी फॉर्म ३१ भरून गाडी स्वतःच्या नावावर करायची, मग तुम्हाला विकायची.

ऑनलाइन. दोन प्रकार आहेत, ते एकत्र धरू नका. काही कंपन्या स्वतः गाडी विकत घेऊन विकतात. काही ठिकाणी कुणीही जाहिरात टाकतो. दुसऱ्या प्रकाराचा उपयोग भाव कळण्यापुरता करा. त्याच मॉडेलच्या, त्याच वर्षाच्या दहा-बारा जाहिराती वाचल्या की खरा दर समजतो. ‘लष्करात आहे, बदली झाली, गाडी पार्सलने पाठवतो, आधी वाहतुकीचे पैसे टाका’ ही जाहिरात अजूनही माणसं गळाला लावते. गाडी आणि मालक समोर दिसल्याशिवाय एक रुपया पाठवू नका.

सुरत, इंदूर, बऱ्हाणपूर, दिल्ली. नवापूर-नंदुरबारकडे सुरतची, शिरपूरकडे सेंधवा-इंदूरची आणि रावेर-मुक्ताईनगरकडे बऱ्हाणपूरची गाडी सहज येते. ती स्वस्त दिसते, आणि बहुतेक वेळा दिसतेच फक्त. परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली तर इथला नंबर घ्यावाच लागतो. त्यासाठी तिकडच्या आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी (ना-हरकत पत्र) लागते, आणि गाडीच्या वयाप्रमाणे महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तिकडे भरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो तिकडच्या कार्यालयातून, तुमच्या खेपांच्या खर्चाने. सौदा करण्याआधी आपल्या आरटीओत मूळ किंमत आणि नोंदणीची तारीख सांगून कराचा आकडा काढा. तो मिळवल्यावरही गाडी स्वस्त पडत असेल तरच जा.

सुरत आणि मुंबई-ठाण्याच्या गाड्यांना आणखी दोन प्रश्न असतात: खाऱ्या हवेचा गंज, आणि पुराचं पाणी. दिल्लीच्या गाड्या तिथल्या जुन्या गाड्यांवरच्या निर्बंधांमुळे स्वस्तात बाहेर निघतात. गाडी वाईट असेलच असं नाही, पण तिचा इतिहास सांगणारा माणूस हजार किलोमीटरवर बसलेला असतो. माझ्या हिशेबात तेवढ्यानेच ती बाद होते.

बँकेचा किंवा फायनान्सचा लिलाव. ओढून आणलेल्या गाड्या. चालवून बघू देत नाहीत, महिनोन्महिने यार्डात उन्हात उभ्या असतात, चावी एकच असते. गॅरेजवाल्यांसाठी हा धंदा ठीक आहे. घरच्या वापरासाठी घेणाऱ्याने इकडे वळू नये.

तपासा: इथपर्यंत एकही टोकन दिलेलं नसावं. हातात फक्त दोन-तीन ठिकाणं आणि तीन-चार गाड्यांचे नंबर असावेत.

## ३. गाडी बघण्याआधी तिचा नंबर बघा

हे काम घरी बसून होतं. एमपरिवहन ॲप किंवा वाहन पोर्टलवर नंबर टाकून पुढच्या गोष्टी कागदावर लिहा.

१. नोंदणीची तारीख आणि वैधता. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना तो खर्च आणि तपासणी लगेच तुमच्या गळ्यात पडणार आहे.

२. मालकाचा क्रमांक. ‘पहिला मालक’ सांगितलं आणि इथे तीन दिसलं, तर पुढचं बोलणंच नको.

३. बोजा. बँक, फायनान्स किंवा पतसंस्थेचं नाव दिसतंय का? कर्ज फिटलं तरी फॉर्म ३५ देऊन बोजा उतरवेपर्यंत तो आरसीवर (नोंदणी प्रमाणपत्रावर) राहतो. आपल्याकडे पतसंस्थांच्या कर्जावर घेतलेल्या गाड्या बऱ्याच आहेत. ती पतसंस्था अवसायनात गेली असेल तर ना-हरकत पत्रासाठी अवसायकाच्या (ती गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याच्या) मागे फिरावं लागतं. अशी गाडी मालकाने बोजा उतरवून आणली तरच घ्या.

४. वाहनाचा वर्ग. डिझायर, अर्टिगा यांसारख्या गाड्या टॅक्सी म्हणूनही खूप चालतात. पिवळी पाटी काढून पांढरी लावलेली गाडी दोन-अडीच लाख किलोमीटर फिरलेली असू शकते, मीटरवर मात्र सत्तर हजार. आधीचा वर्ग काय होता ते मालकाच्या कागदांत शोधा.

५. विमा, पीयूसी, आणि ई-चलन. थकलेली चलनं विकणाऱ्यानेच भरायची, हे आधीच बोलून घ्या.

६. चोरीची नोंद. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या ‘वाहन समन्वय’ सेवेवर चेसिस आणि इंजिन नंबर टाकून बघता येते.

ॲपवर मालकाचं नाव अर्धवट दिसतं. म्हणून मालकाला त्याच्या डिजिलॉकरमधली आरसी उघडून दाखवायला सांगा. त्याच वेळी आणखी एक विचारा: आरसीला आणि आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का? नावावर करताना ओटीपी त्या नंबरवर जातो. नंबर बंद असेल तर सगळं काम तिथेच अडतं.

एप्रिल २०१९ आधीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवलेली आहे का तेही बघा. ती नसेल तर आरटीओत मालकी बदलाचं काम अडतं. आधी मालकाकडून बसवून घ्या.

छोटी पण कामाची खूण: मागची विमा पॉलिसी मागा आणि ‘नो क्लेम बोनस’चा रकाना वाचा. एकच मालक, आठ वर्षांची गाडी, आणि बोनस शून्य किंवा वीस टक्के असेल, तर मध्ये क्लेम घेतला असण्याची शक्यता मोठी. पन्नास टक्के म्हणजे सलग पाच वर्षं क्लेम नाही. विकणारा तोंडाने काहीही सांगो, हा रकाना त्याच्या हातात नसतो.

## ४. गाडी दोनदा बघा: सकाळी थंड, दुपारी तापलेली

पहिली भेट सकाळी, गाडी सुरू करण्याआधी. आदल्या दिवशीच सांगा की इंजिन गरम करून ठेवू नका. बोनेटवर हात ठेवा. कोमट लागलं तर थंड इंजिनची खोड लपवली जातेय असं समजा आणि दुसऱ्या दिवशी या.

सुरू केल्यावर धूर बघा. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, दाट आणि न थांबणारा म्हणजे कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) आत शिरतंय. ऑइलचं झाकण काढून बघा, खाली दुधाळ चिकट थर असेल तर हेड गॅस्केटचा संशय घ्या. कूलंटच्या टाकीत साधं गढूळ, गंजाच्या रंगाचं पाणी असेल तर मालकाने गाडी कशी सांभाळली ते कळलं.

आता बॉडी. दाराचं रबर थोडं ओढा आणि आतल्या पत्र्यावरचे स्पॉट वेल्डचे ठिपके बघा. ते एका अंतराने, सारखे असायला हवेत. बोनेट आणि फेंडरच्या बोल्टवरचा रंग तुटलेला असेल तर ते खोललेत. सगळ्या काचांवरचं वर्ष ताडून पाहा. एखादी वेगळी असेल तर का बदलली ते विचारा. दारावर टचअप असणं हा दोष नाही. पिलर (छत पेलणारे खांब) आणि पुढचा एप्रन (बोनेटखाली चाकाच्या बाजूचा आतला पत्रा) मात्र ठोकलेला नसावा.

पुराच्या पाण्यातली गाडी ओळखायला सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. धुऊन काढलेल्या गाडीतही बेल्टच्या आतल्या टोकावर गाळाची रेघ राहते. सीटखालचे रूळ, स्टेपनीचा खड्डा, कार्पेटखालचा पत्रा हात घालून तपासा. सुगंधाची बाटली चार-चार ठिकाणी लावलेली असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा.

मीटर खरं आहे का? पेडलचं रबर, स्टेअरिंगची चमक, ड्रायव्हर सीटची कड बघा. टायरवरचे चार आकडे वाचा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटरवर तीस हजार आणि चारही टायर बदललेले, हे सहसा जुळत नाही. शेवटी अधिकृत सर्व्हिस सेंटरमधली नोंद मालकाकडूनच काढून घ्या आणि त्यातले किलोमीटर तारखांसह ताडा.

दुसरी भेट दुपारी दोन-तीनच्या उन्हात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ अंशांवर जातो. पुण्यात ठीक वाटणारा एसी इथे उघडा पडतो. एसी लावून गाडी वीस मिनिटं जागेवर उभी ठेवा, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवा, रेडिएटरचा पंखा लागतो का ऐका. मग घाट चढवा. धुळ्याच्या माणसाला लळिंग आहे, चाळीसगावला कन्नड घाट, नंदुरबार-नवापूरकडे कोंडाईबारी. चढावर तिसऱ्या गिअरमध्ये इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी ओढत नाही, तर क्लच प्लेट संपली. उतारावर ब्रेक दाबल्यावर स्टेअरिंग थरथरलं तर डिस्क बघावी लागेल.

सावध: चाचणीच्या वेळी मालक मोठ्याने गाणी लावतो किंवा सतत बोलत राहतो. टेप बंद करा, आणि दहा मिनिटं त्याला नम्रपणे गप्प बसायला सांगा.

## ५. मिस्तरी तुमचा, लिफ्ट दुसऱ्याची

विकणाऱ्याने सुचवलेल्या गॅरेजात तपासणी नको. तुमचा मिस्तरी आधीच ठरवा, त्याला फी द्या, आणि सौदा मोडला तरी फी मिळेल असं सांगा. सौदा झाला तरच कमिशन मिळणाऱ्या माणसाला दोष कमी दिसतात. गाडी लिफ्टवर घेऊन खालचा पत्रा, चेसिसचं वेल्डिंग, ऑइल गळती, सायलेन्सर आणि सस्पेन्शनचे बुश बघून घ्या. स्कॅनर लावून एरर कोड वाचा. चेसिस नंबर पत्र्यावर कोरलेला असतो. तो आरसीशी अक्षरागणिक जुळवा आणि तिथे घासल्याची खूण नाही ना ते बघा.

बाहेरून सीएनजी किट बसवलेलं असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची चाचणी झालेली हवी. नोंद नसेल तर अपघातात विमा कंपनीला क्लेम नाकारायला आयतं कारण मिळतं.

## ६. भाव आणि पैसे

मिस्तरीने काढलेल्या कामांची यादी खर्चासह लिहा आणि तीच समोर ठेवून भाव करा. ‘गाडी महाग वाटते’ म्हटल्याने काही कमी होत नाही. ‘चार टायर आणि क्लच, एवढे झाले’ म्हटल्यावर होतं.

पैशाचा क्रम असा ठेवा:

- टोकन थोडं, आणि लेखी: गाडीचा नंबर, ठरलेली किंमत, मुदत, आणि कागदांत दोष निघाल्यास टोकन परत, हे वाक्य.
- कर्ज शिल्लक असेल तर ती रक्कम मालकाच्या हातात देऊ नका. बँकेच्या कर्ज खात्यात तुम्ही स्वतः भरा आणि ना-हरकत पत्र व फॉर्म ३५ घ्या.
- उरलेले पैसे बँकेतून, आरसीवर नाव असलेल्या माणसाच्या खात्यात. त्याच्या मेहुण्याच्या नाही, एजंटच्या नाही.
- काही रक्कम, निदान दहा टक्के, आरसीवर तुमचं नाव येईपर्यंत मागे ठेवा.

आयकर कायद्यातल्या बंधनामुळे दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेता येत नाही. कापूस विकून आलेली रोकड घरात असली तरी ती बँकेतूनच फिरवा. रोखीने दिलेल्या पैशाचा पुरावा वाद झाल्यावर सापडत नाही.

गाडी ताब्यात घेताना पावतीवर तारखेसोबत वेळही लिहा. त्या वेळेआधीचं चलन, अपघात, गुन्हा त्यांचा, नंतरचा तुमचा.

## ७. नावावर करणं आणि त्यानंतरचा आठवडा

फॉर्म २९ विकणाऱ्याचा, फॉर्म ३० तुमचा. कायद्याने राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचं असतं. एजंटला काम दिलं तरी अर्ज क्रमांक स्वतःकडे घ्या आणि दर दोन-तीन दिवसांनी पोर्टलवर स्थिती बघा. ‘आज-उद्या होईल’ म्हणत काम वर्षभर लटकतं ते अर्जच भरलेला नसतो म्हणून. चेसिस नंबरची पेन्सिल छाप गाडी घरी न्यायच्या दिवशीच काढून ठेवा.

विकणाऱ्या मालकानेही इथे घाई करायला हवी. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे की अपघाताच्या भरपाईत नोंदणीवर ज्याचं नाव असेल तोच मालक धरला जाईल, गाडी त्याने आधीच विकलेली असली तरी. हे त्याला सांगितलं की टाळाटाळ करणारा मालकही स्वतःहून आरटीओत येतो.

विमा १४ दिवसांत तुमच्या नावावर करून घ्या. तृतीय पक्षाचं संरक्षण (तुमच्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीचं) गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम पॉलिसीवर नाव नसेल तर अडतो. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्या माणसाचा असतो. तेवढा फरक भरावा लागेल, तो पहिल्या टप्प्यातल्या पन्नास हजारांत धरा.

जुना फास्टॅग मालकाला बंद करायला लावा आणि तुमचा नवा घ्या, नाहीतर तुमच्या सुरतच्या फेरीचा टोल त्याच्या खात्यातून जाईल आणि रात्री अकराला फोन येईल. दुसरी चावी, मूळ सर्व्हिस पुस्तिका आणि जॅक-पाना हे त्याच दिवशी मागा. ऑइल, सगळे फिल्टर आणि कूलंट मालकाने ‘परवाच बदललं’ म्हटलं तरी पहिल्या आठवड्यात बदला, आणि डिझेल गाडीचा टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद कुठेच सापडत नसेल तर तोही.